निलगिरी शंभर मीटर वर पाणी नेते कशी, आणि आपल्या विहिरीचं काय?

मे महिन्यात टँकर सुरू झाले की आमच्या खानापूर तालुक्यात निलगिरीला शिव्या सुरू होतात. यंदा त्यात व्हॉट्सॲपवरच्या एका व्हिडिओची भर पडली. ऑस्ट्रेलियातलं निलगिरीचं झाड, म्हणे शंभर मीटर उंच, आणि बुंध्याशी उभा असलेला माणूस मुंगीएवढा. आमच्या तात्यांनी तो मला पाठवला आणि पाठोपाठ फोन केला. "आरं, ह्यो खरा हाय का कंप्युटरवर केल्यालाय? आन खरा आसंल तर येवढ्या वर पाणी चढतंय कसं? आपल्या हिरीवरची मोटर तर पंचवीस फुटाच्या खालनं पाणी उचलंना."

झाड खरं आहे. पण तात्यांचा दुसरा प्रश्न त्याहून भारी आहे, कारण त्याचं उत्तर शोधत गेलं की बांधावरच्या निलगिरीचं भांडणही बरंचसं उलगडतं.

आधी उंचीचं बघू

ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय टोकाला, व्हिक्टोरिया आणि टास्मानिया या भागात, निलगिरीची एक जात वाढते. तिचं शास्त्रीय नाव युकॅलिप्टस रेग्नान्स. 'रेग्नान्स' म्हणजे राज्य करणारा, आणि नाव शोभतं. २००८ मध्ये टास्मानियात विमानातून लेसरने जंगलाची मोजणी चालू असताना या जातीचं एक झाड सापडलं. त्याला 'सेंच्युरियन' म्हणतात. २०१८ च्या मोजणीत ते १००.५ मीटर भरलं.

शंभर मीटर म्हणजे किती, हे आपल्याकडच्या माणसाला एका वाक्यात सांगता येतं: कोयना धरणाची भिंत पायापासून १०३ मीटर आहे. ती भिंत उभी करायला हजारो माणसं लागली. हे झाड तिळाएवढ्या बियांतून आपोआप उभं राहिलं.

जगातलं सगळ्यात उंच झाड मात्र हे नव्हे. तो मान कॅलिफोर्नियातल्या 'हायपेरियन' या रेडवूडचा, जवळपास ११६ मीटर. पण रेडवूड पाइनच्या गोतावळ्यातलं, त्याला फुलं येत नाहीत. फुलणाऱ्या झाडांत सेंच्युरियनच्या तोडीस तोड एकच माहीत आहे, बोर्निओच्या जंगलातलं मेरांटी जातीचं झाड. तेही शंभरच्या किंचित वर. एकोणिसाव्या शतकात व्हिक्टोरियात लाकूडतोड्यांनी पाडलेली काही झाडं याहून उंच होती असं म्हणतात. १८८१ मध्ये एका सर्व्हेअरने पडलेलं झाड ११४ मीटर मोजल्याची नोंद आहे. उंच ते आधी कापलं गेलं, तेव्हा आज उरलेल्यांवरून त्या जातीची खरी मजल ठरवणं थोडं अन्यायाचंच.

निलगिरी हे एका झाडाचं नाव नाही

आपण सरसकट 'निलगिरी' म्हणतो त्या कुळात सातशेहून जास्त जाती आहेत. काही शंभर मीटरच्या, काही निव्वळ झुडपं. युकॅलिप्टस या ग्रीक नावाचा अर्थ 'नीट झाकलेलं'. कळीवर एक टोपी असते, फूल उमलताना ती टपकन गळून पडते आणि आतून पांढऱ्या तंतूंचा झुबका बाहेर येतो. सुट्या पाकळ्या नसतातच.

भारतात ही झाडं टिपू सुलतानाच्या काळात, १७९० च्या सुमारास, नंदी हिल्सच्या बागेत आली असं मानतात. पुढं १८४३ मध्ये ती उटीला लावली गेली. तिथल्या थंडीत इंग्रजांना जळण हवं होतं आणि शोला म्हणजे तिथली मूळची जंगलं संपत चालली होती. त्या डोंगरांचं नाव निलगिरी, म्हणून मराठीत झाडाचंही तेच नाव पडलं. (पाचगणीच्या रस्त्याला दुतर्फा दिसणारा सिल्व्हर ओक, तोही ऑस्ट्रेलियाचाच. त्याला कोणी शिव्या देत नाही. फोटो चांगले येतात.)

आपल्या बांधांवर, माळांवर, रस्त्याकडेला दिसते ती बहुतेक 'म्हैसूर गम' नावाची जात किंवा तिचे संकर. कुठं लिंबासारखा वास येणारी जात दिसते. रेग्नान्सशी त्यांचं नातं चुलत-चुलत म्हणावं एवढंच.

झाड कुठून वाढतं?

शाळेत असताना मी बांधावरच्या निलगिरीला छातीएवढ्या उंचीवर खिळा ठोकला होता, डबा अडकवायला. पंचवीस वर्षांनी ते झाड विकलं तेव्हाही खिळा तिथंच होता, छातीएवढ्याच उंचीवर. फक्त लाकडाने गिळलेला. व्यापाऱ्याच्या माणसाची करवत त्याच्यावर खणकली, साखळीचे चार दात गेले, आणि त्याचे पैसे आमच्या हिशोबातून वजा झाले.

खिळा वर का गेला नाही? कारण झाड बुंध्यातून वर ढकललं जात नाही, ते फक्त शेंड्याला उंच होतं. बुंधा जागच्या जागी जाड होतो. सालीच्या लगेच आत एक पातळ जिवंत थर असतो, तो आतल्या बाजूला लाकूड आणि बाहेरच्या बाजूला साल तयार करत जातो. लाकडाच्या बाहेरच्या, नव्या पट्ट्यातून पाणी चढतं. गाभ्यातलं जुनं लाकूड मेलेलं असतं, त्याचं काम फक्त भार पेलण्याचं. म्हणून जुनी राक्षसी झाडं आतून पोकळ झाली तरी वर हिरवी राहतात.

निलगिरीच्या ओंडक्याची तोंडं तोडल्यावर तडकतात, हे सेंट्रिंगच्या बल्ल्या वापरणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. नवा थर तयार होताना थोडा आखडतो, म्हणून बाहेरचं लाकूड कायम ताणलेलं आणि आतलं दाबलेलं असतं. मांडवाच्या खांबाला चारी बाजूंनी ताण देतो तसंच. त्यामुळं वाऱ्यात झाड सहज मोडत नाही. झाड कापलं की ताण एकदम सुटतो आणि लाकूड फाटतं. म्हणजे व्यापारी ज्याला खोट म्हणून भाव पाडतो, त्याच गुणावर झाड उभं असतं.

पंचवीस फुटांची मोटर, शंभर मीटरचं झाड

आता तात्यांचा प्रश्न. काठावर बसवलेली मोटर पाणी 'ओढते' असं आपण म्हणतो, पण ती फक्त पाइपातला दाब कमी करते. पाण्याला वर ढकलते ती बाहेरची हवा. हवेचं बळ समुद्रसपाटीला फार तर १०.३ मीटर, म्हणजे ३४ फूट. आपल्या घाटमाथ्याची उंची, पाइपातलं घर्षण आणि थोडीफार गळती वजा जाता पंचवीस फूट उरतात. त्याच्या खाली गेलं की मोटर हवा धरते आणि नुसती घोंघावते.

दुसरा मार्ग खालून ढकलायचा. सबमर्सिबल तेच करते. टेंभू योजनेत कऱ्हाडजवळ कृष्णेतून उचललेलं पाणी आमच्या तालुक्यात येतं तेही असंच, टप्प्याटप्प्याने, प्रत्येक टप्प्यावर पंपहाऊस आणि डोळे फिरवणारं वीजबिल. झाडाची मुळं पाणी थोडंफार ढकलतात, पण ते बळ काही मीटरांपुरतं.

तिसरा मार्ग तात्यांनी लहानपणी स्वतः हाकलाय: मोट. बैल धावेवरून खाली जातात, नाडा ताणला जातो, मोट वर येते. ओढणारा वर असतो. झाडात नेमकं हेच घडतं, फरक एवढाच की इथं नाडाच पाण्याचा असतो.

पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात. पानावरच्या थेंबाचा गोल आकार त्यामुळंच. झाडाच्या जलवाहिन्या, म्हणजे पाणी नेणाऱ्या नळ्या, फार बारीक असतात, दोन-तीन केस शेजारी ठेवल्यावर होईल तेवढ्याच रुंद. त्यात मुळापासून पानापर्यंत पाण्याचा अखंड दोर असतो. पानांना डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात, त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. ऊन पडलं की त्यातून वाफ जाते. एक कण उडाला की मागचा ओढला जातो, त्याच्या मागचा त्याला धरून, असं करत ओढ थेट मुळापर्यंत पोचते. बैलाचं काम सूर्य करतो. झाडाला स्वतःची शक्ती यात जवळजवळ खर्चावी लागत नाही. हे स्पष्टीकरण १८९० च्या दशकात डिक्सन आणि जोली या आयर्लंडमधल्या दोघांनी मांडलं, आणि किरकोळ वाद सोडता आजही तेच मानलं जातं.

इथं एक शंका हमखास येते: दिव्याच्या वातीत तेल चढतं, तसंच हे का? अंशतः. जलवाहिनीएवढ्या रुंद नळीत पाणी आपलं आपण जेमतेम वीतभर चढेल. खरी पकड पानाच्या पेशींच्या भिंतींमधल्या अतिसूक्ष्म छिद्रांत असते. तिथं पाण्याचा पडदा इतका घट्ट बसतो की खाली शंभर मीटरचा दोर लोंबकळला तरी सुटत नाही.

आणि नळ्यांची मांडणी बघून द्राक्षबागायतदाराला हसू येईल. शेंड्याकडे त्या अरुंद, बुंध्याकडे येताना रुंद होत जातात. ठिबकमध्ये मेन लाइन मोठी, सबमेन त्याहून लहान आणि लॅटरल बारीक असते, तेही घर्षण कमी करायलाच.

मग दोनशे मीटर का नाही?

दर दहा मीटर उंचीमागं दोरावर साधारण एका वातावरणाएवढा ताण वाढतो. शंभर मीटरला दहा, म्हणजे मोटारसायकलच्या टायरातल्या दाबाच्या पाचपट, तोही उलट्या दिशेने, ओढीचा. घर्षण वेगळंच. ताण फार वाढला की दोर तुटतो: नळीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती नळी निकामी होते. झाडसुद्धा 'हवा धरतं'. शेजारच्या नळ्यांना जोडणाऱ्या खिडक्यांवर पाणी जाऊ देणारे पण हवा अडवणारे पडदे असतात, म्हणून एक नळी गेली तर बाकीच्या चालू राहतात.

शेंड्यावरच्या पानांना याची किंमत मोजावी लागते. खाली पाय ओले असले तरी शेंडा दुष्काळात जगत असतो. पाणी वाचवायला रंध्रं मिटावी लागतात, आणि रंध्रं मिटली की हवेतला कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही, म्हणजे अन्न बंद. पानं लहान होत जातात, वाढ रांगू लागते. रेडवूडवर झालेल्या २००४ च्या एका अभ्यासात ही मर्यादा १२२ ते १३० मीटरच्या दरम्यान निघाली.

एवढी घाई कशाला?

रेग्नान्स तरुणपणी वर्षाला मीटरहून जास्त उंच होतं आणि पन्नास वर्षांत ६५ मीटर गाठू शकतं. आंब्याची कळी हंगामाची वाट बघत झोपून राहते, तसं निलगिरीचं नाही. ओल आणि ऊब असेल तोवर शेंडा चालूच. मोठ्या झाडाची पानं कोयत्यासारखी खाली लोंबतात, दोन्ही अंगांनी ऊन घेतात, आणि भर दुपारी सूर्याला फक्त धार दाखवतात. म्हणूनच निलगिरीखाली बसून कोणी भाकरी सोडत नाही, सावलीच पडत नाही.

घाईचं कारण आग. ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक निलगिऱ्या जळाल्या तरी खोडातून नाहीतर बुंध्याच्या गाठीतून पुन्हा फुटतात. रेग्नान्स बिचारं मोठ्या आगीत मरतं. पण त्याच्या शेंड्यावर लाकडी बोंडांत बी साठवलेलं असतं. आग ओसरली की ते राखेवर पडतं आणि हेक्टरी लाखो रोपं एकदम उगवतात. मग सुरू होते उन्हासाठी चढाओढ. जो मागं पडला तो शेजाऱ्याच्या सावलीत मेला. शेवटी हेक्टरी तीस-चाळीस झाडं उरतात. आपण व्हिडिओत बघतो तो त्या शर्यतीतला, तीन-चारशे वर्षांनंतरचा विजेता. धोकाही यातच आहे: रोपांना बी धरायला पंधरा-वीस वर्षं लागतात, आणि त्याआधी दुसरी आग आली तर जंगल संपलं.

आमच्या बांधावरची का वाढत नाही तेवढी?

जात वेगळी, हे एक. दुसरं, रेग्नान्सला खोल माती, थंड हवा आणि वर्षभर विखुरलेला पाऊस लागतो. महाबळेश्वरला पाऊस त्याच्या कित्येक पट पडतो, पण चार महिन्यांत. माण, खटाव, आटपाडीला तर वर्षाचा पाऊसच ५०० मिलिमीटरच्या आसपास, आणि दोन फुटांवर मुरूम.

आणि तिसरं कारण आपण स्वतः. सहा-आठ वर्षांत बल्लीएवढी झाली की आपण ती तोडतो.

आता भांडण: पाणी पिते की नाही?

पिते. पण किती, हे तिच्या वयावर आणि खालच्या मातीवर अवलंबून आहे, आणि ही गोष्ट आपल्याकडच्या वादात कोणी बोलत नाही.

१३ जानेवारी १९३९ ला व्हिक्टोरियात भीषण वणवा लागला. मेलबर्न शहराला पाणी देणाऱ्या डोंगरांतलं रेग्नान्सचं जुनं जंगल जळालं आणि तिथं दाट नवं जंगल उगवलं. पुढच्या दशकांत लक्षात आलं की ओढ्यांना पाणी कमी येतंय. हिशोब मांडला तेव्हा निघालं ते असं: जंगल पंचवीस-तीस वर्षांचं असताना ओढ्यांचं पाणी जवळपास निम्म्यावर येतं, आणि पूर्ववत व्हायला शंभर-दीडशे वर्षं लागतात. शंभर मीटरची म्हातारी झाडं पाणी कमी पितात, पोरसवदा दाट जंगल जास्त! कारण पाणी नेणारं नवं लाकूड आणि पानं, दोन्ही हेक्टरी हिशोबाने तरुण जंगलात जास्त असतात.

आता आपल्याकडचं बघा. तोडलेल्या खोडक्यातून फुटवे येतात, तेच वाढवून पुन्हा तोड. वर कोवळी, वखवखलेली वाढ आणि खाली आयती जुनी मुळं. आपण निलगिरीला कधी म्हातारी होऊच देत नाही, तिला कायम तिच्या सगळ्यात तहानलेल्या वयात ठेवतो. निलगिरी पर्वतात गवताळ माळावर ही झाडं लावून केलेल्या सरकारी प्रयोगात पहिल्या दहा वर्षांच्या फेरीत ओढ्याचं पाणी साधारण १६ टक्के घटलं, आणि फुटव्यांच्या दुसऱ्या फेरीत जवळपास २५ टक्के.

मातीचंही तसंच. १९८०-९० च्या दशकांत कर्नाटकात ब्रिटिश आणि भारतीय संशोधकांनी मोजमापं घेतली. उथळ मातीत निलगिरी तिथल्या देशी पानगळीच्या जंगलाएवढंच पाणी घेत होती, आणि नाचणीच्या शेताच्या साधारण दुप्पट. खोल मातीच्या एका ठिकाणी मात्र ती वर्षाच्या पावसापेक्षाही जास्त पाणी घेताना आढळली. पगारातून भागेना म्हणून बँकेतली ठेव मोडावी, तसं ती मातीतली जुनी ओल उपसत होती. पुढं २०१७ मध्ये कर्नाटकाने निलगिरीच्या नव्या लागवडीवर बंदी घातली.

"मग बोअर आटली ती निलगिरीमुळंच ना?"

पाचशे फुटांची बोअर? अवघड आहे. मुळं काही मीटर खोल जातात, पाचशे फूट नाही. बोअर आटते ती शेजारच्या बोअरनं. निलगिरीचा दोष एवढाच की पावसाचं जे पाणी झिरपून खाली गेलं असतं ते ती वाटेत अडवून पिते. चाळीस-पन्नास फुटांच्या विहिरीशेजारी दाट रांग असेल, तर तिथं मात्र तक्रार खरी.

"तिच्याखाली काही उगवत नाही, म्हणजे विषारीच की!"

पानांत तेल आहे, त्यात मुख्यतः सिनिओल, सर्दीला हुंगतो तेच. पालापाचोळा लवकर कुजत नाही आणि काही बियांना उगवू देत नाही, हे खरं. पण कोरड्या मुलखात मोठं कारण साधं आहे: वरच्या थरातली ओल झाड आधी संपवतं. दमट भागात निलगिरीखाली भरपूर रान माजलेलं असतं. 'निलगिरी ढग पळवते' याला मात्र काही आधार नाही.

"आणि ऊस?"

हा आक्षेप मीच घेतो. उसाला हंगामात १५०० ते २५०० मिलिमीटर पाणी लागतं. ते आपण कॅनॉलनं, टेंभूनं आणून देतो, म्हणून ते दिसत नाही. निलगिरीला आपण एक तांब्या घालत नाही, ती स्वतः शोधून पिते, म्हणून ती चोर. लाकडाच्या किलोमागं हिशोब केला तर निलगिरी उधळी नाही. ती वाढतेच इतकी की एकूण आकडा फुगतो. विहिरीपासून लांब, मुरमाड माळावर, विरळ लावलेली दहा झाडं आणि विहिरीच्या काठची पन्नास झाडांची भिंत, या दोन गोष्टी एकाच शिवीनं मोजू नयेत, असं मला वाटतं.

हे सगळं तात्यांना फोनवर सांगितलं. मोटेचा दाखला त्यांना पटला, ठिबकचा त्याहून. मग विचारलं, "म्हंजी त्या तोडल्याल्या खोडाचं काय करू? फुटवं फुटल्यात."

विहिरीपासून वीस पावलांवर आहे ते खोडकं, खिळावालं. नको असेल तर येतील तेवढे फुटवे पुन्हा पुन्हा काढायचे, मुळांतली शिदोरी संपली की ते मरतं, दोन-तीन वर्षं लागतात, असं मी सांगितलं. परवा गावी गेलो तेव्हा बघितलं. सात फुटवे होते, पाच कोयत्यानं साफ केलेले, आणि दोन तसेच, कमरेएवढे झालेले.

"हे दोन का ठेवलेत, तात्या?"

"आसूंदी," म्हणाले. "ह्यास्नी न्हाई तोडायचं. बघू की किती म्हातारं व्हतंय."

मी विहिरीकडं बघितलं. ते मुद्दाम दुसरीकडं बघत होते.